कॉस्टिकवर पाणी

संजीव माझा भाचा. व्हिडिओ सुरेख करतो, पण दुसऱ्याचं ऐकून घेईल तर शपथ. धारवाडच्या छंदमेळ्यात मी साबण करून दाखवला. तो त्यानं दोन कॅमेऱ्यांनी टिपला, मग घरी बसून कापला, जोडला आणि रविवारी सकाळी ग्रुपवर टाकला. मेळ्यात साबण शिकायला आलेल्या सगळ्या बायका त्या ग्रुपवर आहेत. मीही चहा घेऊन बघायला बसले. आपलं तोंड पडद्यावर बघायची हौस कुणाला नसते?

व्हिडिओत माझ्या हातानं स्टीलच्या पातेल्यात पांढरे खडे टाकले आणि वरून पाण्याची धार सोडली. पाणी शांत राहिलं. मी मात्र कप खाली ठेवला.

साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात थोडा थोडा टाकायचा. कॉस्टिकवर पाणी ओतलं की ते भडकून उकळतं आणि थेट तोंडावर उडतं. डोळ्यांत गेलं तर डोळे जातात. मी जन्मभर केमिस्ट्री शिकवली. मेळ्यात तर हे इतक्या वेळा सांगितलं की बायका कंटाळल्या.

"संजीव, हे मी कधी केलं?"

"जेवणानंतरचा शॉट तो, आत्या. मिठाचा. विसरलीस काय?"

मग आठवलं. खऱ्या प्रात्यक्षिकात कुणाचा तरी गजरा जवळच्या कॅमेऱ्याच्या आड आला होता. म्हणून संजीवनं हातांचा शॉट परत मागितला. बंद हॉलमध्ये पुन्हा कॉस्टिक कशाला उघडायचं, म्हणून मी कँटीनमधून खडेमीठ आणलं. त्याला पाण्याची धार हवी होती. मिठाला काय, कसंही ओता. मी ओतलं.

"आणि माझं बोलणं कुठं गेलं?"

"लांबायलं होतं. काढलं आणि बासरी लावली की."

मी त्याला फाडून खाल्लं. त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं होतं, हे मला बोलतानाच कळत होतं. त्यानं व्हिडिओ उडवला, मी खाली 'कुणीही करू नका' असं लिहिलं. बायकांची 'बरं टीचर' अशी उत्तरं यायला लागली. पण त्याआधीचा एक निरोप तिथंच होता, केलगेरीच्या भारतीचा: "टीचर, व्हिडिओ उतरवून घेतला. सासूबाई आणि मी आत्ताच करायला घेतो."

मी फोन लावला. लागेना. परत लावला. संजीवचा चेहरा पडला.

"रेकॉर्ड करताना फोन फ्लाइट मोडवर टाका, असं मीच शिकवलंय मेळ्यात," तो म्हणाला. "ती व्हिडिओ करायली असणार."

तिच्या नवऱ्याचा नंबर आमच्याकडे नव्हता, शेजारीपाजारी माहीत नव्हते. घर तेवढं मी एकदा पाहिलं होतं. आम्ही स्कूटर काढली. सुभाष रोडवर भाजीच्या गाड्यांतून वाट काढताना संजीव हॉर्नवरून हात उचलेना, आणि मी मागं बसून त्याचा शर्ट मुठीत धरलेला. मला भीती वाटत होती. भारती माझी विद्यार्थिनी. वर्गात मी सांगेन ते उतरवून घ्यायची, 'का' म्हणून कधी विचारायची नाही. तेव्हा मला ती फार आवडायची.

शॉट तर इतक्या जवळून घेतलेला, आणि त्यात पाणी इतकं शांत, की बघणारी बाई पातेल्यावर वाकणारच. एवढं एकच डोक्यात फिरत होतं. संजीव काही बोलत होता, मला ऐकू येत नव्हतं.

दार उघडं होतं. मी चपलांसकट आत गेले. स्वयंपाकघराच्या दारात फरशीवर पांढरे शिंतोडे, कोपऱ्यात एक पातेलं पालथं पडलेलं, आणि नाकाला झोंबणारा वास.

ओट्यावर दुसरं पातेलं होतं. त्यात पांढरे खडे. भारतीच्या अत्ती, म्हणजे सासूबाई वेणूबाई, पाण्याचा तांब्या तिरका करत होत्या आणि भारती फोन धरून पातेल्यावर वाकली होती. तिचं नाक पातेल्यापासून वीतभर लांब असेल.

"अज्जी, ब्याड री, नका ओतू," म्हणत संजीवनं तांब्या ओढून घेतला. पाणी त्याच्याच शर्टावर सांडलं.

भारती दचकली, पण मला बघून तिचा चेहरा एकदम खुलला. तिच्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. फडक्याच्या कडेनं कातडी लालभडक झालेली दिसत होती.

"टीचर, तुम्ही? बरं झालं की आलात. पहिल्यांदा ओतलं तर केवढं उसळलं. लांब होतो म्हणून वाचलो. अत्ती म्हणाल्या, राहू दे. मी म्हटलं, मेळ्यात माझंच ऐकण्यात चुकलं असेल, व्हिडिओत टीचरांचं पाणी कसं गप्प बसलं होतं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून परत करायलोय, या वेळी नीट जवळून बघून."

चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, आवाज निघेना. तिला वाटलं, मला दम लागलाय. तिनं मला स्टूल दिलं, संजीवच्या हातातला तांब्या घेऊन नळाखाली भरला, माझ्यासमोर धरला आणि दुसऱ्या हातानं फोन पुन्हा पातेल्यावर नेला.

"तुम्हीच ओता की, टीचर. तुमच्या हातनं नीट होतंय."