चांदीचा आवाज

“तिथं काही नाही. तिथून मी आत्ताच दोनदा गेलोय,” हे म्हणाले आणि गुडघा धरून मातीच्या ढिगावर बसले.

मशीन माझ्या हातात होतं आणि हेडफोन माझ्या कानांवर. खरं तर ते माझं काम नव्हे. माझं काम डबा आणायचा, पाण्याची बाटली आणायची आणि अधूनमधून ‘आता पुरे, घरी चला’ असं म्हणायचं. पण त्या दिवशी यांचा गुडघा इतका सुजला होता की पाऊल उचलताना दात आवळत होते. मी म्हटलं, द्या इकडे, तुम्ही जरा बसा, मी फिरवते. रोज घरभर झाडू मारते, त्यात आणि यात काय एवढा फरक. हे हसले. हेडफोन माझ्या डोक्यावर चढवून म्हणाले, जमिनीपासून चार बोटं वर धर आणि घाई करू नको.

मी पाच-सात पावलं गेले असेन, तोच कानात काहीतरी बारीक चिवचिवलं.

“अहो, वाजतंय.”

“खिळा असेल.”

“खिळा कसा वाजतो?”

“जाड. घर्रर्र.”

“हे जाड नाही. अगदी बारीक आहे.”

“मग बॅटरी उतरली असेल,” हे म्हणाले आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले.

आमचे हे पाणीखात्यात होते. रस्त्याखाली पाइप फुटला की खात्यातून यांना बोलावणं यायचं. एक लांब लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, तिच्या वरच्या टोकाला कान लावायचा आणि खाली पाणी नेमकं कुठं गळतंय ते ऐकायचं, हे यांचं काम. हे बोट ठेवतील तिथं खोदायचे, आणि पाइप तिथंच फुटलेला असायचा. खात्यात यांना नावानं कोणी हाक मारत नसे. ‘कानाला बोलवा’ म्हणायचे. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा माझे मामा चौकशीला गेले, तर शेजाऱ्यानं सांगितलं, मुलगा म्हणजे साहेबांचा कान आहे. मामांना वाटलं, पोरगा चुगल्या सांगणारा दिसतो. महिनाभर लग्न अडलं त्यापायी.

निवृत्त झाल्यावर लोक बागेला पाणी घालतात, नातवंडं खेळवतात. यांनी जमिनीतला धातू शोधायचं मशीन घेतलं, तेही कोणाचं तरी वापरलेलं. नव्या मशीनला पडदा असतो, खाली काय आहे त्याचे आकडे त्यावर उमटतात. यांच्या मशीनला तसलं काही नाही, नुसता आवाज. लोखंड असेल तर जाड, तांबं त्याहून बारीक आणि चांदी सगळ्यांत बारीक. “आकडे बघून काय, कोणीही सांगेल,” हे नाक वर करून म्हणायचे. पहिली काही वर्षं पिशवी भरभरून खिळे, बुचं आणि चाव्या घरी आल्या. माझा दीर म्हणायचा, “वहिनी, दादाला म्हणावं भंगाराचं दुकान तरी टाक.”

पण नदीच्या वळणावर जे ओसाड मैदान आहे ना, तिथं यांना नाणी सापडली. काही तांब्याची आणि दोन चांदीची, नखाएवढी, एका बाजूला झिजलेला घोडा. हे ती तशीच मातीसकट रुमालात बांधून संग्रहालयात घेऊन गेले. तिथल्या बाईंनी चष्मा काढला, नाणं डोळ्यांजवळ नेलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, “काका, इथं मोठा बाजार भरत असणार. आपल्याला कोणालाच माहीत नाही असा.” त्या दिवशी हे घरी आले ते वेगळाच माणूस होऊन. जेवताना मला विचारलं, “तिथं काय काय विकायला येत असेल गं?” मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय तेव्हा होते का तिथं? पण मलाही बरं वाटलं होतं.

पुढं चांदी सापडेनाशी झाली. “रुसली आमच्यावर,” हे म्हणायचे. वर्षं गेली. आणि एक दिवस कळलं की त्या मैदानावर गोदाम होणार, सबंध मैदानावर काँक्रीट ओतणार.

बाई ऑफिसांमधून पुष्कळ भांडल्या. हाती लागलं ते एवढंच, की मैदानाचे दोऱ्या बांधून पट्टे पाडायचे. ज्या पट्ट्यात जुनं काही सापडेल तिथलं काम थांबेल आणि नीट उत्खनन होईल. जिथं काही नाही तो पट्टा गोदामवाल्याला मोकळा. बाईंकडे ना माणसं होती ना पैसा. त्यांच्याकडे होते आमचे हे. “काका, जमेल ना?” त्यांनी विचारलं, तर हे चक्क दुखावले. “बाई, रस्त्याखालचं थेंब थेंब पाणी ऐकलंय या कानानं.”

यांना ते मैदान वाचवायचं होतं. दुसरं काहीही नको होतं. सकाळी उठून जायचे ते उन्हं कलल्यावर परत. आणि रोज संध्याकाळी बाईंना फोन करून सांगायचे, आजच्या पट्ट्यात काही नाही. सांगताना आवाज खाली जायचा, पण सांगायचे. दीर एकदा म्हणाला, “दादा, कुठून तरी जुनी नाणी आणून टाक की एकेका पट्ट्यात. कोणाच्या बापाला कळणार आहे?” हे ताटावरून उठले आणि पुढं कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. दोरी सुटायची, रोलर फिरायचा, लोखंडी जाळी पसरायची, काँक्रीट पडायचं. पट्ट्यामागून पट्टा गेला आणि कुंपणाच्या भिंतीलगतची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरली. त्या पट्टीवर आम्ही होतो, आणि माझ्या कानात चिवचिव चालली होती.

मी मशीन खाली ठेवलं आणि खुरपं घेतलं. हे “कशाला उगीच” म्हणत होते. वीतभर खोदलं असेल, माती मुठीत चुरली, तर बोटांना काहीतरी पातळ, गोल लागलं. मी ते यांच्या तळहातावर ठेवलं.

यांनी अंगठ्यानं माती सारली. घोडा होता. यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू, लग्नातसुद्धा एवढा फुलला नव्हता. “सापडलं,” म्हणाले, “अगं, सापडलं.” मीही हसले. मग बघता बघता यांचं हसू थांबलं.

“इथून मी दोनदा गेलोय,” हे म्हणाले.

 यांनी माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून आपल्या कानांवर लावले, नाणं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावरून मशीन फिरवलं. हेडफोन जुने, त्यातला आवाज बाहेर गळतो. मला शेजारी उभं राहून चिवचिव ऐकू येत होती. यांनी मशीन पुन्हा फिरवलं. बटण बंद करून चालू केलं. बॅटरी काढून पँटला पुसून परत घातली.

“बंद पडलं वाटतं,” हे म्हणाले.

यांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

“वाजतंय का?”

“वाजतंय हो,” मी म्हटलं. खोटं कसं बोलणार, मशीन माझ्यासमोर वाजत होतं.

यांनी पिशवीतून एक गंजलेला खिळा काढला, नाण्याच्या जागी ठेवला आणि मशीन फिरवलं. मान हलवली. खिळा उचलून नाणं ठेवलं. मान हलली नाही. परत खिळा, परत नाणं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. मला धड हात धरवेना, धड बघवेना. घरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आणि हे ढिम्म बसून राहायचे. नात फोनवर बोलली की म्हणायचे, पुटपुटते पोरगी. मला त्यात कधी नवल वाटलं नाही, कारण बायकोचं आणि कुकरचं ऐकणारा नवरा मी कुठल्याच घरात पाहिलेला नाही. जाड आवाज यांना अजून सगळे ऐकू येत होते. बारीक तेवढे गेले होते, एकेक करून, न सांगता.

यांनी हेडफोन काढले आणि मागं वळून बघितलं. मागं काँक्रीट होतं, सगळीकडे सारखं, करड्या रंगाचं, नदीपर्यंत.

“तू फिरव,” हे म्हणाले. “वाजलं की बोट वर कर.”

“जाऊ दे ना आता. घरी चला.”

“फिरव म्हणतो ना.”

मी फिरवायला लागले. हे माझ्याबरोबर भिंतीला धरून लंगडत येत होते आणि माझ्या बोटाकडे बघत होते. चार पावलांवर वाजलं, बोट वर केलं. पुन्हा वाजलं, पुन्हा केलं. मग लागोपाठ वाजायला लागलं.  एके ठिकाणी वाजलं तरी मी बोट खालीच ठेवलं.

“लबाडी करू नको,” हे म्हणाले. माझ्या तोंडावरून ओळखलं यांनी.

पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजलं. मग यांनी मला काँक्रीटच्या कडेनं फिरवायला सांगितलं. तिथंही वाजलं. अगदी कडेला खेटून, जिथं माती संपते, तिथंसुद्धा आतल्या बाजूनं चिवचिव येत होती. मी बोट वर केलं ते तसंच राहिलं. मग यांनी मशीन माझ्याकडून घेतलं, हेडफोन लावले आणि काँक्रीटवर चढले. आतल्या लोखंडी जाळीनं मशीन नुसतं बोंबलत सुटलं. मला चार हातांवरून ऐकू येत होतं.

“हे येतंय ऐकू,” हे म्हणाले. “हे चांगलं ऐकू येतंय.” आणि तिथंच मटकन खाली बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. रुमालात त्या पट्टीतली मूठभर नाणी होती, मी ऐकलेली आणि यांनी खोदलेली. बाईंचा चेहरा आधी उजळला. मग यांनी सगळं सांगितलं, उभं राहूनच. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. “मी सांगितलेलं सगळं चुकीचं होतं. मला ऐकूच येत नाही. सगळे पट्टे पुन्हा बघायला पाहिजेत,” हे म्हणाले.

बाईंनी नाणी एकेक करून रुमालावर मांडली. “काका, आता काँक्रीट फोडायची परवानगी कोणीच देणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि उरलेली पट्टी ठरलेल्या पट्ट्यांत धरलेलीच नाही, तिथं भिंतीचा पाया येतोय. तो उद्यापासून खणतील.”

“मी सांगतो ना त्यांना. माझीच चूक आहे म्हणून लिहून देतो.”

“कागदावर ते मैदान रिकामं आहे, काका. तुमच्या शब्दावर मीच सही केली आहे.” आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या, आणि मग पटकन म्हणाल्या, “पण ही नाणी आपण काचेत ठेवू. खाली तुमचं नाव लावू.”

“नाव नको,” हे म्हणाले. “लावायचंच असेल तर हेही लिहा, की बाकीचा बाजार यानंच गाडला.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. बाईंवर काढावा तर त्या बिचाऱ्या एकट्या भांडलेल्या. गोदामवाल्यानं तर आम्हाला विचारूनच सगळं केलं होतं. आणि यांच्यावर काढावा तर या माणसानं जन्मात खोटं म्हणून सांगितलं नव्हतं. ‘काही नाही’ म्हणाले तेव्हा यांच्या कानांना खरोखरच काही नव्हतं. येताना रस्त्यानं हे माझ्यापुढं चालत होते. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, हे बाजूला झालेच नाहीत. मी दंड धरून ओढलं.

दीर संध्याकाळी येऊन गेला. नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यानं, पण यांच्याकडे बघून मिटलं. कानाच्या डॉक्टरचा पत्ता सांगून गेला. यंत्र मिळतं म्हणाला, कानात बसतं, कोणाला दिसतसुद्धा नाही. हे ‘हो’ म्हणाले. आता ऐकून काय करू, असं काही म्हणाले नाहीत, पण मला ते दिसत होतं. मी चहा ठेवला, तो गार झाला, परत गरम केला, परत गार झाला.

मी भांडी पुसत होते तेव्हा हे स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसले. स्वयंपाकघरात येऊन बसायची यांची पद्धत नाही.

“कसा असतो गं तो?” यांनी विचारलं.

“काय?”

“चांदीचा आवाज. मी ऐकलाय, त्या दोन नाण्यांच्या वेळी. पण आठवतच नाही. काल रात्रभर आठवून बघितला.”

“बारीक असतो.”

“बारीक म्हणजे कसा? करून दाखव.”

मला काही येत नाही असं तोंडानं आवाज काढायला. पण मी ताटली खाली ठेवली, हात पुसले आणि यांच्याजवळ जाऊन वाकले. ओठ आवळून, दातांतून हवा सोडून, ऐकला होता तसा, जितका बारीक काढता येईल तितका बारीक आवाज काढला. यांनी डोळे मिटले होते. मान जराशी माझ्याकडे कलती केली होती. मी दम घेतला आणि पुन्हा काढला, मोठ्यानं, अगदी कानाशी. माझ्याच कानाला झिणझिण्या आल्या.

हे डोळे मिटून थांबले होते.

“कर की,” हे म्हणाले.

मी केव्हाची करत होते.