गंजाचं वय

नवं कोरं प्लास्टिक जुनं करून दाखवायचं, हा गंजोबाचा छंद. तुम्ही म्हणाल, हा कसला छंद? सगळं जग जुन्याला रंग फासून नवं म्हणून खपवतंय आणि हा बाबा निघालाय उलटा! पण त्याचं तसंच होतं. खोक्यातून सुट्या भागांचे रोबो यायचे, वीतभर उंचीचे, चकाचक. ते जोडून हा असे काही रंगवायचा की बघणाऱ्याला वाटावं, गडी वीस वर्षं चिखलापावसात लढून आत्ताच घरी आलाय. गुडघे खरचटलेले, सांध्यांतून तेल ओघळलेलं, खांद्यावरच्या रंगाचे पोपडे उडालेले. म्हणून तर मित्रांनी त्याचं नाव गंजोबा पाडलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि घरी आलं की बाल्कनीत बसून गंज लावायचा. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता, त्यामुळे पसाऱ्यावरून बोलणारं कुणी नव्हतं.

खालच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहायचा, बायकोसकट. अंगाने हा आडदांड, तरी नाव बारक्या. पत्रा दाबायच्या कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. खरं सांगायचं तर रोबोचं वेड आधी बारक्याचं. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढणं, सांधे पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करणं, सगळं जुळवणं हे त्याचं काम आणि रंग गंजोबाचा. बारक्याने जोडलेल्या सांध्यात नख घालायला जागा सापडायची नाही. दोघांच्या हातून उतरलेला रोबो म्हणजे बघत राहावं असं काम. भांडणंही तेवढीच. "दादा, किती गंज लावशील? उभा राहील ना तो?" असं बारक्या म्हणायचा आणि गंजोबा ब्रश उगारून त्याच्या अंगावर धावायचा.

मग ते झालं. एक दिवस बारक्याची नेहमीची मशीन बंद होती, म्हणून साहेबांनी त्याला दुसऱ्या प्रेसवर उभं केलं. दुपारच्या आत उजव्या हाताची तीन बोटं गेली. आणि बोटांबरोबर ती सकाळही गेली. शुद्धीवर आल्यावर त्याला काही म्हणजे काही आठवेना. मशीन कुठली, कुणी लावून दिली, हात आत कसा गेला, सगळी पाटी कोरी.

कंपनीला मात्र सगळं आठवत होतं. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती जाळी जागेवर होती, ह्यानेच काम भराभर उरकायला सकाळी पाना घेऊन काढली, असं साहेबांचं म्हणणं. बारक्याने आपल्या मशीनची जाळी एकदा काढली होती, त्यावरून बोलणीही खाल्ली होती. तेव्हा काय, आयतं कोलीत मिळालं त्यांना. बिचारा बारक्या उशाला टेकून म्हणायचा, "काढलीही असेन, दादा. मला आठवत नाही."

भावासाठी गंजोबाने गाठलेला वकील हुशार होता. तो गंजोबाला म्हणाला, "भावाची पिशवी, डबा आणायला म्हणून आत जा. मशीनचे फोटो काढ. अख्खी मशीन आली पाहिजे, नंबर आला पाहिजे, जाळीची जागा आली पाहिजे. उद्या ते नवी जाळी ठोकून मोकळे होतील."

गंजोबा गेला. बारक्याच्या कपाटाची किल्ली शोधायला पहारेकरी गेला आणि हा त्या प्रेससमोर एकटा उभा राहिला. आणि हाय रे दैवा, याच्या डोळ्यांनी घात केला! अशी मशीन त्याने जन्मात पाहिली नव्हती. मूळचा हिरवा रंग कडांना उडून खालचं लोखंड बाहेर आलेलं, तेलाचे ओघळ एकावर एक साचून मधासारखे दाट झालेले, पिवळ्या पट्ट्याची हातांनी पुसून पुसून नुसती सावली राहिलेली. हा फोन काढून जवळ गेला. अजून जवळ गेला. हे पोपडे, तो ओघळ, ती चीर. भावाचं रक्त जी मशीन प्यायली तिच्यापुढे हा वाकून वाकून फोटो काढत होता आणि पहारेकऱ्याची पावलं वाजली तेव्हा त्याला भान आलं.

घरी येऊन फोटो बघतो तर काय, एकातही अख्खी मशीन नाही. नंबर नाही, काही नाही. गंज, गंज आणि गंज. वकिलाला हे दाखवायचं? भावाला दाखवायचं? त्याने फोन खिशात टाकला आणि खाली जाऊन सांगितलं, "गेटवरच फोन काढून घेतला मेल्यांनी." झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारखान्यात सरकारी तपासणीवाले पोचले तोवर प्रेसला नवी जाळी बसली होती, वर रंगाचा हातही फिरला होता. गंजोबानेच मग भावाला समजावलं. "कंपनीशी भांडून कुणाचं भलं झालंय? देतायत ते घे आणि सही कर." कागदावर लिहिलं होतं, जाळी मी स्वतः काढली. बारक्याने डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी सही केली.

घरी बसलेल्या माणसाला काय काय ऐकावं लागतं ते त्यालाच ठाऊक. बायको कपड्यांच्या दुकानात उभी राहायला लागली, संध्याकाळी पाय सुजवून यायची आणि तिचं तोंड सुटायचं. वाईट नव्हती ती, थकलेली होती. "स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेतलात! कोण शहाणा जाळी काढतो? माझा विचार आला नाही पाना फिरवताना?" बारक्या कधी उलट बोलला नाही. बोलणार काय? सही केलेली. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी गंजोबाच्या बाल्कनीच्या बरोबर खाली, त्यामुळे शब्द न् शब्द वर यायचा. गंजोबा जरा वेळ ब्रश थांबवायचा, मग पुन्हा रंगवायला लागायचा.

कारण त्याने नवा रोबो घेतला होता आणि तो त्या फोटोंवरून रंगवत होता. वाया कशाला घालवायचे, असं त्याने स्वतःला सांगितलं. तोच हिरवा, तोच पिवळा पट्टा. स्पंजच्या तुकड्याने पोपडे उठवले, तपकिरी पूड थिनरमध्ये कालवून ओघळ सोडले. एका फोटोच्या कडेला त्याला काहीतरी छान दिसलं. बोल्टची तीन भोकं आणि त्यांच्याभोवती हिरव्या रंगाचा ताजा चौकोन. इथे पूर्वी काहीतरी बसवलेलं होतं, ते काढलंय. असला बारकावा म्हणजे रोबोंच्या प्रदर्शनातल्या परीक्षकांचा जीव की प्राण! रोबोच्या छातीवरच्या प्लेटला त्याने तीन भोकं पाडली, चौकोन राखला, भोकांच्या आत गंज भरला, आणि फोटोत होता तसा गंजाचा ओघळ भोकातून खाली ताज्या चौकोनावर आणला.

तिसऱ्या भोकाशी त्याचा हात थांबला. हे काय रंगवतोय आपण? ही जाळीची जागा. आणि फोटो अपघातानंतर तिसऱ्या दिवशीचा. तीन दिवसांत भोकं आतून अशी गंजत नाहीत, ओघळ तर नाहीच नाही. जाळी त्या सकाळी निघाली असती तर भोकं आतून चकचकीत दिसली असती. ही जाळी कित्येक महिने तिथे नव्हतीच. बारक्याने काढली नव्हती. जन्मभर गंजाचं वय मोजणारा हा माणूस, आणि घरचा गंज त्याला वाचता आला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खाली जाऊन सांगायचं होतं. एक जिना फक्त. पण सांगायचं म्हणजे फोटो दाखवायचे, फोटो दाखवायचे म्हणजे गेटवरचं खोटं उघडं पाडायचं. शिवाय सही होऊन गेली होती. आता वरातीमागून घोडं कशाला? असं सगळं मनाशी बोलून त्याने चहा करून घेतला, परत येऊन बसला आणि तिसरं भोक पुरं केलं. ते सगळ्यांत सुंदर झालं, हेही सांगून टाकतो.

वर्षाने प्रदर्शन भरलं. गंजोबाने घरात अक्षर काढलं नव्हतं, पण बारक्याला कुठून तरी कळलंच. "मीही येतो, दादा," तो म्हणाला. "किती दिवसांत तुझं काम बघितलं नाही." चोराच्या मनात चांदणं. गंजोबाने गर्दीची सबब सांगितली, पायऱ्यांची सांगितली. "पायांना काय धाड भरलीय माझ्या?" म्हणत बारक्याने चपला घातल्या.

सभागृहात लांबच लांब टेबलं आणि त्यांवर रोबोंची फौज. गंजोबा पाठीने आपलं टेबल झाकून उभा राहिला. बारक्या लांब कुठेतरी एका लाल रोबोपाशी रेंगाळला होता, तेवढ्यात परीक्षकबाई आल्या, हातात भिंग, मागे पाचपन्नास माणसं. गंजोबाला बाजूला व्हावंच लागलं. बाई वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"इकडे या सगळे," त्या म्हणाल्या. "याला म्हणतात नजर! ही छातीवरची प्लेट बघा. इथे काहीतरी बसवलेलं होतं, ते काढलंय, म्हणून खालचा रंग ताजा. हे कुणीही करेल. पण भोकं बघा. आतून गंजलीत आणि ओघळ ताज्या रंगावर उतरलाय. म्हणजे काढून सहा-आठ महिने तरी झाले. काल काढलं असतं तर असं दिसलं नसतं." मग त्यांनी कौतुकाने गंजोबाकडे बघितलं. "काय होतं हो तिथे?"

"ढाल," गंजोबा म्हणाला. "छोटी ढाल होती."

"जाळी होती," मागून आवाज आला.

बारक्या कधी येऊन उभा राहिला होता कोण जाणे. बाई हसल्या. "अरे वा, तुम्ही दोघं मिळून करता का?"

"पूर्वी करायचो," बारक्या म्हणाला.

बाई पुढच्या टेबलाकडे गेल्या, गर्दीही गेली. बारक्याने नाक लावून रोबो बघितला. हिरवा बघितला, पिवळा पट्टा बघितला, तीन भोकं एकेक करून बघितली. हात लावला नाही.

"तुझा फोन गेटवर काढून घेतला होता ना?"

गंजोबाला थाप सुचत होती. पण भावाच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "नव्हता."

"कधी कळलं तुला, दादा?"

"सही झाल्यावर. आईशप्पथ, सही झाल्यानंतर."

"कंपनी, कोर्ट गेलं खड्ड्यात. मला सांगायचंस." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "वर्षभर डोळे मिटले की मी पाना उचलतो आणि ती जाळी काढतो. रोज काढतो. आता तर मला आठवायलाही लागलं होतं, कुठला बोल्ट आधी काढला ते. का नाही सांगितलंस?"

उत्तरं तयार होती. तुला त्रास नको म्हणून, जखम उकरायची नव्हती म्हणून, उपयोग काय म्हणून. वर्षभर घोटून ठेवलेली. गंजोबाने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"रोबो अर्धा झाला होता."

बारक्याने मान हलवली, जणू हिशोब लागला. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर गंजोबाचं नाव पुकारलं. पहिलं बक्षीस. तो व्यासपीठावर गेला, कुणीतरी हातात करंडक दिला, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. परत आला तर भाऊ नव्हता आणि टेबलावर रोबोही नव्हता.

तो धावतपळत घरी पोचला. खालच्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं. जेवायच्या टेबलावर दिव्याखाली रोबो उभा, बारक्याची बायको दुकानातल्याच कपड्यांत त्यावर वाकलेली, आणि बारक्या उरलेल्या बोटाने दाखवत होता. "हे बघ. आतून बघ. हा गंज एका दिवसाचा आहे का? सांग तू."

ती बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे तुम्ही नव्हती काढली," ती म्हणाली.

"नव्हती."

तिने नवऱ्याचा तो हात दोन्ही हातांत धरला आणि ती रडायला लागली. मोठ्याने, लाजलज्जा सोडून. गंजोबा करंडक घेऊन उंबरठ्यात उभा होता. आत ये असं कुणी म्हटलं नाही. मग तिने पदराला नाक पुसलं आणि तिचं लक्ष दाराकडे गेलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "वर्षभर मी ह्यांना जे जे बोलले, ते वर बाल्कनीत ऐकू येत होतं?"

"येत होतं," गंजोबा म्हणाला.