माझ्या पोटात काळी पडलेली पावती

मित्रांनो, मी एक जुनं लॅमिनेशनचं मशीन आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात श्यामकांतचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात माझी जागा. प्लास्टिकच्या पाकिटात कागद घालून तो मला द्यायचा. आत दोन तापलेले रबरी रूळ कागदाला दाबतात आणि दुसऱ्या बाजूने तो कडक, चकचकीत होऊन बाहेर येतो. माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज मी जे सांगणार आहे ते शांतपणे सांगणं मला जमणार नाही.

माझा जन्म वसईकडच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पत्र्याचं खोकं, दोन रूळ, एक हीटर आणि पुढे दोन दिवे. तांबडा असेल तोवर मी तापतो आहे, हिरवा लागला की मी कामाला तयार. माझी जुळणी कमल नावाच्या बाईंनी केली. चाचणीसाठी दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून डब्याला गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा त्यांनी माझ्यातून काढला. त्यावर भरल्या वांग्यांची कृती होती. कमलबाई आज कुठे असतील मला ठाऊक नाही, पण ती कृती मात्र नक्की शाबूत असेल.

श्यामकांतच्या दुकानात आलो तेव्हा माझा काय तोरा होता! खाडीकडून येणारी ओल इथल्या घरांत कपाटातले कागद खाते. त्यामुळे दहावीच्या गुणपत्रिका, रेशनकार्डं, शाळेची ओळखपत्रं, कंपनीची निवृत्तीची पत्रं, सगळं माझ्याकडे यायचं. "श्याम, तुझ्या मशीनमुळे बापाचा दाखला वाचला रे," असं कुणी म्हणालं की माझी छाती फुगायची. पुढे माणसं कागद मोबाइलमध्ये ठेवायला लागली. श्यामकांतने माझ्या डोक्यावर बिस्किटांचा डबा ठेवला आणि मी समजून गेलो.

तरी एक गिऱ्हाईक माझ्याशी इमान राखून होतं. चंद्रप्रकाश गोताड. मूळचे संगमेश्वराकडचे, इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको मालन गेल्यापासून घर आणि घरातले कागद दोन्ही तेच सांभाळायचे. हातात येईल तो कागद ते माझ्याकडे आणत.

"काका, लाइट बिल कोण लॅमिनेट करतं?" श्यामकांतने एकदा विचारलं.

"पत्त्याचा पुरावा हाय ना तो. असू दे."

काकांची एकुलती एक मुलगी निधी. मुलुंडच्या एका कॉलेजात ती भूगोल शिकवते. शिकवते म्हणजे तासिका तत्त्वावर. जेवढे तास वर्गात उभी राहील तेवढ्यापुरती ती प्राध्यापक. परीक्षा संपल्या की नेमणूक संपली, आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. अशी नऊ वर्षं गेली. तिच्या हाताखाली शिकलेली मुलं नोकरीत कायम झाली, पण मॅडम काही कायम झाल्या नाहीत.

यंदा मात्र तिच्या कॉलेजात भूगोलाची एक कायम जागा भरणार होते. त्यासाठी राज्याची पात्रता परीक्षा, म्हणजे सेट, पास असायला हवी. मागच्या खेपेला निधीची सेट थोडक्यात हुकली होती. प्राचार्यांनी तिला सरळ सांगितलं होतं की सेट नसेल तर तुम्हाला मुलाखतीला बोलावता येणार नाही. त्यामुळे ही परीक्षा देणं तिला भागच होतं, आणि परीक्षा द्यायची तर आधी अर्ज भरायला हवा.

आता इथे एक मेख होती. खुल्या गटातून अर्ज भरायला एम.ए.ला पंचावन्न टक्के लागतात. ओबीसींना पन्नास चालतात, पण त्यासाठी नॉन-क्रीमीलेयरचा दाखला चालू मुदतीचा हवा. नोकरी करून शिकलेल्या निधीला एम.ए.ला त्रेपन्न टक्के, आणि तिच्या दाखल्याची मुदत मार्चअखेर संपलेली. म्हणजे नवा दाखला नाही तर अर्ज नाही, आणि अर्ज नाही तर जागाही नाही. एका कागदावर सगळं अडलेलं.

निधीला तास बुडवून रांगेत उभं राहता येईना, म्हणून दाखल्यासाठी काका सरकारी कचेरीत गेले. सकाळी गेले ते दुपारी पोचपावती घेऊन थेट आमच्या दुकानात आले. बोटभर लांबीची गुळगुळीत पावती होती, एटीएममधून निघते तशी. मागच्या वेळची पावती त्यांच्या खिशात घामाने फिकी पडली होती आणि नंबर वाचता न आल्यामुळे त्यांनी बोलणी खाल्ली होती. या वेळी ते धडा शिकून आले होते.

मित्रांनो, या पावत्यांवर शाई नसते. कागदालाच ऊब लागली की अक्षरं उमटतात. असा कागद माझ्या रुळांत घातला तर काय होईल, हे तुम्हीच सांगा.

श्यामकांतला हे चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी दुकानात प्रवेशाचे फॉर्म घेऊन आलेल्यांची झुंबड होती आणि त्याच्या मानेखाली फोन दाबलेला होता. काकांच्या हातातून पावती घेतली, पाकिटात सरकवली आणि न बघता माझ्या फटीत दिली. तिचं टोक लागताच मी ओळखलं. पण माझे रूळ एकदा कागद धरतात तेव्हा ओढूनच घेतात. दुसऱ्या बाजूने पावती बाहेर आली ती तव्यासारखी काळी.

"ह्ये काय झालं रे?" काका म्हणाले.

श्यामकांतने फोन खाली ठेवला. "आईशप्पथ. काका, ही थर्मलची होती. सांगायचं ना मला."

"मला काय म्हाईत थर्मल का काय. पावती हाय म्हणून दिली."

"नंबर लिहून ठेवलाय कुठे? मोबाइलवर मेसेज आला असेल बघा."

"आलेला. मेसेज मी रोज पुसतो. फोन भरतो ना."

लाइट बिल जपून ठेवणारा हा माणूस मेसेज रोज पुसत होता. दोघांनी ती काळी पट्टी ट्यूबलाइटला धरली, तिरकी करून पाहिली, मोबाइलची बॅटरी मारून पाहिली. त्यात काहीही दिसलं नाही. मग काकांनी ती शर्टाच्या आत बनियनच्या खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, "निधीला सांगू नको. पेपर तपासून तिचं डोकं आधीच फिरलंय. मी बघतो काय ते."

श्यामकांत हो म्हणाला. चूक त्याचीही होती ना.

पुढचे दोन आठवडे काका तीनदा दाखल्यांच्या खिडकीवर जाऊन आले आणि दर खेपेला परतताना दुकानात बसून गेले. पहिल्या वेळी खिडकीवरचा माणूस म्हणाला, ही पावती नाही, पाटी आहे. दुसऱ्या वेळी म्हणाला, पावती खराब झाल्याचा अर्ज द्या, नंबर शोधून देतो, पण ज्याच्या नावाचा दाखला त्याने स्वतः येऊन सही करायची. निधीच्या सहीचं एवढंसं काम होतं. तिसऱ्या वेळी काकांनी नुसतीच विनवणी करून पाहिली. सही मागायची तर मुलीला सांगावं लागणार होतं, आणि तेवढंच त्यांच्याने होत नव्हतं.

मधल्या एका संध्याकाळी निधी चाचणीच्या प्रश्नपत्रिका काढायला आली. जाता जाता तिने अर्जासाठी फोटो आणि सहीही स्कॅन करून ठेवली. सहीचा आकार वेबसाइटला पसंत पडेना, म्हणून तिने कोऱ्या कागदावर चार वेळा सही केली.

"श्यामदादा, फॉर्म शुक्रवारी सहाला बंद होतोय. दाखला सोमवारी मिळेल म्हणतायत बाबा. मंगळवारी येऊन भरून टाकते, शेवटच्या दिवसाची कटकट नको."

"हां, ये ना," श्यामकांत म्हणाला आणि प्रिंटरचं झाकण उघडून उगाच आत बघत बसला. मला इतका संताप आला, म्हणून सांगू! समोर मुलगी उभी आहे, हातात पेन आहे, सही करून दमली आहे. अरे, पाचवी सही त्या अर्जावर घे ना! पण त्याने झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

सोमवारी काका तिला म्हणाले, उद्या मिळेल. मंगळवारी म्हणाले, साहेब रजेवर आहेत. बुधवारी म्हणाले, मशीन बंद होतं. गुरुवारी निधी तास सोडून स्वतः खिडकीवर गेली, आणि तिथून जी निघाली ती सरळ आमच्या काउंटरवर. श्यामकांत तिच्याकडे बघेना.

"तुला माहीत होतं?"

"काका म्हणाले सांगू नको."

"मी त्या दिवशी इथे उभी होते ना रे? इथेच. तोंड उघडता आलं नाही तुला?"

तिने खिडकीवर पावतीचा अर्ज दिला होता. तिथला माणूस वाईट नव्हता, तो म्हणाला होता, चार दिवस लागतील, दोन आठवड्यांपूर्वी दिला असता तर आज दाखला तुमच्या हातात असता.

शुक्रवारी चार वाजता निधी दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसली. काका मागे स्टुलावर होते. नाव, पत्ता, विषय, परीक्षा केंद्र, सगळं भरून झालं. फोटो चढला, सहीही चढली. मग ती एका चौकटीपाशी येऊन थांबली. तिथे दाखल्याचा क्रमांक आणि तारीख हवी होती, आणि ती भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. तिने खिडकीवर दोनदा फोन करून पाहिला. दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

साडेपाच वाजता श्यामकांत खाली वाकून म्हणाला, "निधी, मागच्या दाखल्याचा नंबर टाक आणि तारीख या वर्षाची घाल. आत्ता कोण बघतंय? नवा आला की बघू पुढचं."

"टाक गो बाय," काका म्हणाले. "चार दिवसांचा तर प्रश्न हाय."

निधीने मागच्या दाखल्याचा क्रमांक टाकला. मग तारखेच्या चौकटीवर तिचा हात थांबला. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, टाक गं, कुणाचं काय जातंय? दुकानातली झेरॉक्स घेणारी माणसंही बघायला लागली होती. पावणेसहाला तिने तो क्रमांक एकेक आकडा मागे घेत पुसला.

"मी वर्गात नसलेल्या पोराची हजेरी लावत नाही," ती म्हणाली. "पाया पडतात, तरी लावत नाही. उद्या कागद तपासताना हे सापडलं तर परीक्षाही जाईल आणि मुलुंडचे तासही जातील. नको."

सहा वाजले. तिने पान पुन्हा उघडून पाहिलं. अर्ज करण्याची मुदत संपली आहे, एवढंच त्यावर लिहिलं होतं.

काका रडायला लागले. "माझ्यामुळं झालं गो. माझीच अक्कल. कशाला दिली लॅमिनेशनला."

निधी खुर्ची फिरवून त्यांच्यासमोर बसली. तिने आवाज चढवला नाही. "बाबा, पावती काळी झाली त्याचा राग नाही मला. ती कुणाच्याही हातून झाली असती. तुम्ही पंधरा दिवस रोज माझ्यासमोर जेवायला बसलात आणि बोलला नाहीत, त्याचा आहे. मी चिडले असते, एक दिवस अबोला धरला असता. पण सही केली असती ना."

मग ती उठून एकटीच चालती झाली. काका बराच वेळ स्टुलावर बसून होते. श्यामकांतने त्यांना चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही.

पुढच्या बुधवारी दाखला आला. निधीने त्याची एक झेरॉक्स काढली आणि दाखला फाइलमध्ये ठेवला. आता ती पुन्हा तासिकांवरच शिकवते आहे. भूगोलाच्या त्या जागेची जाहिरात वर्तमानपत्रात निघाली, ती तिने आमच्याच दुकानात वाचली आणि पेपर घडी करून परत दिला.

काका मात्र बदलले. दूध उतू गेलं, चष्म्याची काडी मोडली, गॅसचा नंबर लावायला विसरले, की लगेच निधीला फोन लावतात. ती वर्गात असते, फोन कापते. ते पुन्हा लावतात. "काल मधल्या सुट्टीत फोन करून सांगतात, बशी फुटली," असं तिने श्यामकांतला सांगितलं, आणि त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

पण माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. पुढची परीक्षा कधी होईल ते अजून जाहीर झालेलं नाही, आणि ती जागा तोवर भरलेली असेल. नऊ वर्षं शिकवणारी बाई एका काळ्या पट्टीपायी बाहेर राहिली. ती काळी मी केली, हे मी नाकारत नाही. म्हणून हात जोडून सांगतो. कागद जरूर जपा, पण माझ्याकडे आणण्याआधी तो कोणता आहे ते बघून घ्या. आणि तुमच्या हातून कुणाचं काही जळलं, फाटलं, बिघडलं, तर त्याच दिवशी त्या माणसाला सांगा. ओरडा बसेल, तो खा. मी पंधरा दिवस सगळं बघत होतो आणि कोपऱ्यात नुसता तापत होतो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.