दाजींचं हसू

चष्मेवाल्याने पंखा बंद केला, खिडकीवर जाड रजई टांगली आणि दाजींच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेऊन दाराबाहेर ठेवली.

"झाकण उघडताना आवाज येतो," तो म्हणाला. "मागच्या वेळी तीन ठिकाणी कापावं लागलं."

"आणि तहान लागली तर?"

"मध्यंतरात प्या की."

दाजींनी मान डोलावली. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला, पोट सुटलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. गेली दोन वर्षं दर रविवारी दुपारी ते यायचे, ताईने दिलेला डबा टेबलावर ठेवायचे, कपाट आणि भिंत यांच्या मधल्या खुर्चीत अंग चोरून बसायचे आणि माइक तोंडाशी ओढून हसायचे. हसणं एवढंच त्यांचं काम होतं.

उद्योग असा होता. एखादा तद्दन फालतू मारधाडीचा सिनेमा लावायचा, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत त्याची टर उडवायची, आणि ते सगळं बोलणं रेकॉर्ड करून नेटवर टाकायचं. ऐकणाऱ्याने घरी तोच सिनेमा लावायचा, त्याचा आवाज बारीक करायचा आणि कानाला हे लावायचं. कार्यक्रमाचं नाव 'वाभाडे'. ऐकणारे तीनेकशे होते. त्यातले निम्मे अर्ध्या तासात पळ काढत, पण ही गोष्ट चष्मेवाला स्वतःलाही सांगत नसे.

"तीन, दोन, एक," तो म्हणाला, आणि दोघांनी एकदम एक टाळी वाजवली. दोघांचे माइक वेगळे, दोघांचे आवाज वेगळ्या फायलींत जात. नंतर ते एकमेकांशी जुळवायला ही टाळी लागे.

पडद्यावर नायक विमानातून उडी मारून थेट चालत्या जीपमध्ये बसला. त्याचा भांगसुद्धा विस्कटला नाही. मग तो गोळ्या झाडू लागला.

"सहा गोळ्यांचं पिस्तूल आहे, दाजी," चष्मेवाला माइकमध्ये म्हणाला. "मी मोजतोय. एकोणचाळीस झाल्या. सुट्या गोळ्या खिशात घेऊनच निघालाय घरून."

क्षणभर शांतता, आणि मग दाजींचं हसू. घशात सुरू होऊन पोटापर्यंत जाणारं, भरघोस. चष्मेवाल्याला ते हसू आवडे. हसणाऱ्याबद्दल मात्र त्याला काडीचं कौतुक नव्हतं. सुमार विनोदालाही हसतो आणि उत्तम विनोदालाही तेवढाच हसतो, म्हणजे या माणसाला कळतं तरी काय, असं त्याला दर रविवारी वाटे.

"खलनायकाच्या डोळ्यावरची पट्टी बघा. मघाशी डाव्या डोळ्यावर होती, आता उजव्या. हा माझ्या दुकानात आला, तर मी नंबर काढायचा कुठल्या डोळ्याचा?"

शांतता. हसू.

पुढे नायकाने लिफ्टचा दोर कापला आणि पाच गुंडांसकट लिफ्ट विसाव्या मजल्यावरून खाली आली. दाजी खुर्चीत पुढे सरकले.

"अशी नाही पडत रे लिफ्ट. दोर तुटला की बाजूच्या रुळांना पकडणारे जबडे असतात, जागच्या जागी अडकते. मग आम्हाला फोन येतो. आम्ही पोचेपर्यंत आतली माणसं काय शिव्या घालतात..."

चष्मेवाल्याने हात वर करून त्यांना थांबवलं.

"दाजी, माहिती नकोय. विनोद चाललाय."

"बरं, बरं."

"हे आता कापावं लागणार."

दाजी पुन्हा मागे टेकले. तेवढ्यात खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळे ठोकायला घेतले. चष्मेवाल्याने सिनेमा थांबवला, कानावरचा हेडफोन काढला.

"जरा झापून येतो त्याला. रेकॉर्डिंग चालू राहू दे, नंतर कापीन. कशाला हात लावू नका हं."

खालच्याशी त्याची चांगली दहा मिनिटं जुंपली. परत आला तेव्हा दाजी मोबाइल खिशात ठेवत होते.

"मिटलं का?"

"मिटवलं," तो म्हणाला आणि बसला.

त्या दिवशी त्याच्या पोटात एक गोष्ट होती, ती त्याने दाजींना सांगितली नव्हती. बुधवारी त्याला पत्र आलं होतं. विनोदी कार्यक्रम करणारी एक मोठी मंडळी होती, त्यांचं. तुमचं बोलणं ऐकलं, असा माणूस आम्हाला हवा आहे. फक्त तुमच्या आवाजातली दहा मिनिटं सोमवारपर्यंत पाठवा, सोबत दुसरं कुणी नको. एकोणीस वर्षं तो दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत लोकांच्या नाकावर भिंगं बदलत विचारत आला होता, "आता स्पष्ट दिसतं, की आधी?" त्याला स्वतःहून कुणी काही विचारलं, ते याच बुधवारी. पत्र त्याला तोंडपाठ झालं होतं.

प्रश्न फक्त दाजींचा होता. निवड झाली की त्यांना सांगावं लागणार, आता येऊ नका. बिचाऱ्यांना रविवारी दुसरा विरंगुळा काय? घरी ताईची कटकट, पोरांचा धुडगूस. इथे येऊन दोन तास हसतात तेवढंच. त्याला त्यांची फार कीव आली, आणि खरं सांगायचं तर ती कीव त्याला बरीही वाटली.

पाच वाजता दाजी गेले. तो लगेच कामाला लागला. दोन्ही फायली समोर घेतल्या, दाजींचा आवाज बंद केला आणि स्वतःचा ऐकू लागला.

"सुट्या गोळ्या खिशात घेऊनच निघालाय घरून."

मग काहीच नाही. नुसती शांतता, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा श्वास. त्या जागी तो हसू यायची वाट बघत थांबलेला ऐकू येत होता. पुढचा विनोद, पुन्हा तेच. डोळ्यावरची पट्टी, पुन्हा तेच. रिकाम्या दुकानात एखादा माणूस ओरडून भाव सांगतोय असं ते वाटत होतं.

दाजींच्या हसण्याने मधे जागा सोडायची सवय लागली, दुसरं काय, असं म्हणून त्याने दोष ठरवून टाकला. मोकळ्या जागा कापता येतील. पण दहा मिनिटं निवडायची कुठली? सोपी युक्ती होती. दाजी जिथे जास्तीत जास्त हसले, तिथलं घ्यायचं. त्याने स्वतःचा आवाज बंद केला आणि दाजींचा लावला.

टाळी. खुर्चीची करकर. हसू. पुन्हा हसू. लिफ्टचे जबडे. मग खिळ्यांची ठोकाठोक, दार उघडल्याचा आवाज, आणि मग दाजी, हळू आवाजात, फोनवर.

"हां, बोल गं... खाली गेलाय, भांडायला. अजून तासभर तरी लागेल. पोरांना म्हणावं खाऊन घ्या."

मधे शांतता. ताई बोलत असणार.

"ठीक दिसतोय. जरा वाळलाय. डबा दिला, खाईल... हसतोय गं, तू सांगितलंस तसंच. आता बसलंय अंगात. त्याचं बोलून झालं की मनात एक-दोन मोजायचं, मग हसायचं. लगेच हसलं की खोटं वाटतं."

पुन्हा शांतता.

"छे, कंटाळा कसला. दोन तास बसलं तर काय बिघडतं? एरवी कोण जातं त्याच्याकडे? आणि सिनेमा चांगला असतो गं! हाच बघू देत नाही मेला, सारखी बडबड. मागचा तो जहाजावरचा आपण घरी परत लावला, तेव्हा कळलं ना मला शेवट. हाही बघू... नको, नको, त्याला कशाला कळू द्यायचं. आला वाटतं. ठेव."

दार. खुर्चीची करकर. "मिटलं का?"

चष्मेवाल्याने मागे नेऊन ते पुन्हा ऐकलं. मग दोन्ही फायली एकाखाली एक ठेवल्या आणि आपलं वाक्य संपल्यापासून दाजींचं हसू सुरू होईपर्यंतचं अंतर बघितलं. पहिल्या विनोदाला जेवढं, तेवढंच दुसऱ्याला. तेवढंच पन्नासाव्याला. मागचे रविवार काढले, त्याच्या मागचे काढले. सगळीकडे तेवढंच, दोन आकडे मोजण्याइतकं.

आधी त्याला संताप आला. एक लिफ्टवाला माझ्यावर दया करतो! बहिणीला फोन लावून जाब विचारावा म्हणून त्याने मोबाइल उचललासुद्धा. मग त्याला शरम वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत शरम, आणि त्याने मोबाइल पालथा घालून ठेवला. डबा टेबलावर तसाच होता. आजवर एकदाही त्याने तो परत देताना धुतला नव्हता.

सोमवारी दुकानात एक बाई भिंगांच्या चौकटीतून अक्षरं वाचत असताना त्याने दोनदा तेच भिंग घातलं आणि विचारलं, "आता स्पष्ट, की आधी?"

"आता," बाई खात्रीने म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. एरवी हा किस्सा त्याने रविवारी मीठमसाला लावून सांगितला असता. दुपारच्या सुट्टीत त्याने त्या मोठ्या मंडळींना उत्तर लिहिलं, मी माझ्या जोडीदाराशिवाय काम करत नाही. मोठ्या रुबाबात लिहिलं, तीनदा वाचलं, आणि पाठवून दिलं. त्यांचं उलट टपाल आलं नाही.

रविवारी दाजी वेळेवर आले. डबा ठेवला, खुर्चीत शिरले. पंखा बंद, रजई, टाळी. पडद्यावर एका गोदामाचं दार उघडलं.

चष्मेवाला माइकमध्ये म्हणाला, "हा माणूस दार उघडून आत आला."

यात हसण्यासारखं काहीही नव्हतं. एक. दोन. आणि दाजींचं हसू आलं, घशातून पोटापर्यंत, भरघोस.

तो उठला. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं, पंखा लावला आणि बाहेरची बाटली आणून दाजींच्या हातात दिली.

"काय झालं रे?" दाजी दचकले. "बरं वाटत नाही का?"

"उकडतंय. आज नुसता बघू."

"नुसता?"

"हो. मला कंटाळा आलाय बोलायचा."

दाजींनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, पण त्यांना काही कळलं नसावं. घोटभर पाणी पिऊन ते पुढे सरकून बसले आणि पाच मिनिटांत सिनेमात बुडून गेले. नायकावर मागून कुणी चाल करून आला की त्यांची मूठ आवळे. "हा दाढीवाला फितूर आहे, बघ तू," ते म्हणाले, आणि अर्ध्या तासाने दाढीवाला फितूर निघाला तेव्हा त्यांनी विजयी मुद्रेने मान हलवली. चष्मेवाला सिनेमापेक्षा त्यांच्याकडेच बघत होता.

शेवटी नायक एका हाताने हेलिकॉप्टरला लटकला आणि दुसऱ्या हाताने त्याने कॉलर नीट केली. दाजींनी चोरट्या नजरेने चष्मेवाल्याकडे बघितलं. मग घसा खाकरला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच आपणहून विनोद केला.

"याला आमच्याकडे घ्यायला हवा कामाला," ते भीत भीत म्हणाले. "शिडी लागणार नाही."

विनोद काही खास नव्हता. दाजी पडद्याकडे बघत होते, पण बाटलीचं झाकण त्यांच्या बोटांत नुसतं फिरत होतं.

चष्मेवाल्याने मनात एक-दोन मोजलं, आणि मग हसला.