न हलणारी रेघ

“मॅडम, बॉयलर बंद करा. पाण्याचा भरवसा न्हाई,” सूर्यभान म्हणाला.

शिफ्ट इंजिनिअर राजेश्री मॅडमचा कारखान्यातला हा पहिलाच हंगाम. त्यांनी पडद्यावरचा आकडा दाखवला. पाणी अर्ध्यावर. बॉयलरच्या काचेच्या नळीतही रेघ अर्ध्यावरच होती.

“ती रेघ मगापासून हललीच न्हाई. आत पाणी उकळायलंय, तर रेघ थरथरायला पायजे. म्या कॉक उघडून नळी रिकामी केली, पाणी परत आलंच न्हाई. नळीचं तोंड बुजलंय.”

“मग पडद्यावर?”

“त्या आकड्याची नळीबी त्याच तोंडातून निघती की.”

सोनपेठजवळच्या त्या साखर कारखान्यात उसाचा चोथा भट्टीत जळायचा, वाफ व्हायची, वाफ टर्बाईन फिरवायची आणि कारखाना चालवून उरलेली वीज तारांवरून बाहेर गावोगाव जायची. पंचवीस हंगाम ती आग सूर्यभानच्या हाताखाली होती.

मॅडमनी मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “आकडा बरोबर दिसतोय ना? मग चालू द्या.”

मॅडमचा हात बॉयलर बंद करायच्या लाल बटणापाशी अडखळला.

“सरका. माझ्या नावावर लिवा,” म्हणत सूर्यभाननं बटण दाबलं.

चोथ्याचा पट्टा थांबला. टर्बाईनचा घुमणारा आवाज उतरत गेला आणि सगळा कारखाना अंधारला.

“म्हातारा लय भ्यालाय,” कुणीतरी म्हणालं. तापल्या लोखंडावर कुणी घाईनं पाणी सोडलं असतं तर बॉयलर फुटला असता. म्हणून सूर्यभान पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी पाय रोवून उभा राहिला.

बॉयलर निवायला दीड दिवस लागला. साहेबांनी स्वतः आत बॅटरी मारली. पाणी पार तळाला गेलेलं, नळ्या फुगायला लागलेल्या. ते बराच वेळ वाकूनच राहिले. मग उठले आणि सगळ्यांदेखत सूर्यभानला म्हणाले, “बसा, सूर्यभानराव.” खुर्ची त्यांनीच ओढली.

“आदी ती बुजलेली नळी साफ करू, साहेब,” तो म्हणाला.

फुगलेल्या नळ्या बदलून, भट्टी पुन्हा पेटवूनच तो घरी गेला. चांगुणाबाईनं नवऱ्यापुढं ताट ठेवलं.

“तीन दिस कुठं होते तुमी?”

“लाईट बंद करायला गेल्तो.”

“म्हंजी?”

“पंचवीस वर्सं चालू ठिवली. एकडाव बंद केली,” सूर्यभान म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.