औषध वाळेपर्यंत जावई बाहेर

रामलाहने माझ्या धाकटीच्या, डेल्वीच्या, डोक्यात पितळेचं एक फूल खोचलं आणि ते घरंगळून तिच्या मांडीवर पडलं. दुसरं खोचलं, तेही पडलं.

"रामलाह, तुझ्या बोटांत जोर राहिला नाही," मी म्हटलं.

"बोटं शाबूत आहेत, शमसिदार. पोरीचं डोकं रिकामं झालंय. भांग बघ, त्यातून म्हैस जाईल." चाळीस वर्षं ही बाई गावातल्या नवऱ्या सजवतेय, तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. मी लागते. पण भांग तिने दाखवला तो खराच होता. "तयार पट्ट्यावरचा मुकुट घ्या," ती म्हणाली. "टोपीसारखा बसतो. आजकाल सगळ्या घेतात."

सगळ्या घेत असतील. आमच्या घरात सुंतियांगची, म्हणजे नवरीच्या थराथराच्या मुकुटाची, फुलं एकेक करून नवरीच्या स्वतःच्या केसांत खोचतात. माझ्या आईने अकरा थर वाहिले, मी वाहिले, माझ्या थोरलीने, युस्माने, वाहिले. मान दोन दिवस वळत नाही, पण टोपी घातली असं कुणी म्हणत नाही. आणि डेल्वीला तर हौस माझ्याहून जास्त. रामलाह गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन मिरच्या वाटत बसली आणि डोळे पुसत म्हणाली, मिरची तिखट आहे. पाट्यावर मिरच्या होत्या तीन.

लग्नाला नऊ महिने होते.

आधी मी घरचे उपाय केले. कोरफड झाली, तेलं झाली. उशीला मुंग्या लागल्या, केस काही लागले नाहीत. मग डेल्वी स्वतःच पायाकुंबूह शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि डोक्याला लावायची एक बाटली दिली.

"मिनॉक्सिडिल, आमाक," डेल्वीने मला वाचून दाखवलं; आमच्याकडे आईला आमाक म्हणतात. मी तिसरीपर्यंत शिकले, असले शब्द माझ्या जिभेवर बसत नाहीत. आमच्या घरात तिचं नाव बाटलीच राहिलं. बाटलीबरोबर काचेची नळी होती, तिच्यावर खूण. खुणेपर्यंत भरायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कोरड्या टाळूवर भांगाभांगाने लावायची, हात धुवायचे. केसांना माखायचं नाही, कातडीला लावायचं. चार महिने धीर धरायचा.

चार महिने! तीन आठवड्यांत काय झालं ते ऐका. होते ते केस गळायला लागले. कंगवा भरला, न्हाणीची मोरी तुंबली. मी बाटली उचलली आणि मासळीच्या तळ्यात फेकायला निघाले.

"आमाक, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं!" डेल्वी मागे धावली. "पहिले काही आठवडे जास्त गळतात. जुने जातात, मग नवे येतात."

"जुने भाडेकरू काढल्यावर नवे येतीलच याची हमी कोण देतंय?"

"द्या ती बाटली."

दिली. पण मला चैन पडेना. मी विचार केला, एका नळीला चार महिने, तर तीन नळ्यांना किती? मी डेल्वीला म्हटलं, तीन लाव. पोरगी शिकलेली, शाळेत पन्नास मुलांना शिकवते, पण घरात माझा शब्द मोडत नाही. ती लावत राहिली.

महिन्याभरात दोन गोष्टी झाल्या. एके दिवशी शाळेत फळ्यापाशी उभी असताना तिचं काळीज धडधडायला लागलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला खुर्चीवर बसवून गोड चहा पाजला. त्याच आठवड्यात युस्माने तिला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे गं काय? तुझ्या गालाला मिशा फुटल्यात!" कपाळावर आणि दोन्ही कानांपुढे कोवळी काळी लव आली होती. भांग मात्र होता तसाच, मोकळं रान.

या वेळी मीही बरोबर गेले. डॉक्टरीणबाई निघाली युस्माच्या वयाची. तिने नाडी पाहिली, दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला.

"किती लावतेस?"

डेल्वी जमिनीकडे बघत राहिली.

"तीन नळ्या," मी म्हटलं. "मी सांगितल्या. तिला बोलू नका."

"रेंदांगमध्ये मीठ तिप्पट घालता का हो, आमाक?"

साठ वर्षांच्या आयुष्यात माझ्या रेंदांगवर, नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसावर, कुणी बोट ठेवलं नव्हतं. बाई म्हणाली, टाळूतून ते रक्तात उतरतं, जास्त झालं की काळीज धावतं. आठवडाभर बंद. बरं वाटल्यावर पुन्हा एकच नळी, आणि परत धडधडलं तर लगेच थांबवून इकडे यायचं. मग तिने डेल्वीची हनुवटी धरून गाल पाहिले.

"लावल्यावर काय करतेस?"

"ओढणी घेते."

"लगेच? ओल्यावरच?"

"उदा घरात असतात ना."

उदा म्हणजे युस्माचा नवरा. घर माझं, माझ्यामागे माझ्या लेकींचं, आणि तो लग्न होऊन आमच्याकडे राहायला आला. त्याच्यासमोर डेल्वी उघड्या डोक्याने कशी बसेल? डॉक्टरीणबाईही आमच्याच मुलखातली. तिला सगळं एका दमात कळलं आणि ती हसायलाच लागली.

"म्हणजे निम्मं औषध ओढणी पिते, आणि उरलेलं तुझ्या कपाळाला नि गालांना पुसते. ओढणीला केस यायचे तेवढे राहिलेत! बरं, नमाज कधी?"

"लावून झालं की नमाजाआधीची वजू करते."

"की ओला हात डोक्यावरून. राहिलेलंही गेलं." तिने बोटांवर मोजून सांगितलं. पहाटेच्या नमाजानंतर एकदा, रात्रीच्या नमाजानंतर एकदा. टाळू वाळेपर्यंत डोक्यावर काही नाही, उशीसुद्धा नाही. ओढणीच्या आतली घट्ट टोपी बंद, अंबाडा आवळून बांधणं बंद, तो ताण मुळांनाच उपटतो. गालावरची लव तिकडे औषध लागायचं थांबलं की काही महिन्यांत जाईल. आणि लग्नानंतर मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन विचारायचं, पोटात मूल असताना बाटली बंद.

घरी आल्यावर मी जावयाला समोर बसवलं. आम्ही त्याला त्याच्या किताबाने हाक मारतो.

"सुतान, उद्यापासून पहाटेच्या नमाजानंतर आणि रात्रीच्या नमाजानंतर तासभर तुम्ही घरात थांबायचं नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो आत गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी डोकावले, तर गडी सदऱ्यांच्या घड्या घालून गाठोडं बांधत होता.

"हे काय चाललंय?"

"आमाक, तुम्ही म्हणालात…" त्याने गाठ अर्धवट सोडली. "माझं काही चुकलं असेल तर निदान सांगा तरी. बारा वर्षं झाली मला या घरात."

"तासभर म्हटलं मी! कायमचं घालवायचं असतं तर अशी गोड बोलले असते का?"

"मग कशासाठी?"

"डोकं वाळवायचंय."

"कुणाचं?"

"बाहेर जा म्हटलं की जायचं. बायकांच्या डोक्याची चौकशी करू नये."

गेला बिचारा. रोज पहाटे बदकांना कोंडा घालायचा, रात्री कॉफीच्या टपरीवर डोमिनो खेळायचा. गावभर झालं की शमसिदार जावयाला दिवसातून दोनदा हाकलते. त्याची बहीण जाब विचारायला आली. मी तिला जेवायला वाढलं आणि म्हटलं, "तुझा भाऊ डोमिनोत गावात पहिला आलाय, कुणामुळे?" ती जेवली आणि गेली.

इकडे डेल्वी तासभर खिडकीत उघड्या डोक्याने वह्या तपासायची. नळी एकच. मी खुणेवर डोळा ठेवून उभी राहायचे. पाचव्या महिन्यात भांगाच्या कडेला काळं काळं दिसू लागलं. मला वाटलं काजळ लावलंय. बोटाने घासून पाहिलं, गेलं नाही. गालांवरची लव मात्र विरळ होत गेली.

लग्नाला पंधरा दिवस असताना रामलाह आली. तिने फूल खोचलं. राहिलं. दुसरं खोचलं, राहिलं. डेल्वीने श्वास धरून ठेवला होता. सात थर झाल्यावर रामलाहने हात आखडला.

"बास. नवे केस बोटभर आहेत, ते टाळू झाकतील, वजन नाही उचलणार. सात जुन्यांवर बसतील, तेही केस न आवळता. अकरा हवेत तर पट्टा."

मी गावभर अकरा सांगून बसले होते. सात थर तर करवल्या घालतात! मी तोंड उघडलं आणि डेल्वीकडे पाहिलं. ती आरशात स्वतःचा भांग बघत होती. वर्षभरात पहिल्यांदा तिने आरसा चुकवला नव्हता.

"आमाक, मला सात चालतील," ती म्हणाली. "केस माझेच आहेत ना."

"चालतील काय? सातच घालायचे," मी म्हटलं. "वर एक चढवशील तर बघ, रामलाह."

लग्नात डेल्वी मंचावर मान इकडेतिकडे वळवून मैत्रिणींशी बोलत होती. अकरावाल्यांना ते कधी जमलं नाही, मलाही नाही. नवरदेवाची मावशी ताट घेऊन माझ्याशेजारी बसली, मंचाकडे बघत बोटांवर थर मोजले आणि गोड आवाजात म्हणाली, "सातच का हो? तुमच्या घराण्यात अकरा असतात असं ऐकलं होतं."

"तुमच्या लेकीच्या लग्नात किती होते?"

"तेरा!"

"केसांत की पट्ट्यावर?"

ती भात चिवडायला लागली.

"जा," मी म्हटलं, "वर जाऊन आमचं एक फूल ओढून बघा. निघालं तर तुमचं."

ती गेली नाही. मी तिच्या ताटात रेंदांगचा आणखी एक तुकडा वाढला.