रवींद्ररावांच्या टाचा

खरं तर मला बोलायचं नव्हतं. पण डावा जन्मापासून घुम्या, तोंड उघडत नाही, म्हणून सगळी कटकट माझ्या गळ्यात. तर ऐका. मंजुळाबाईंच्या उजव्या पायातला बूट बोलतोय. रंग राखाडी, नाडी गुलाबी. मुक्काम मानपाडा, डोंबिवली पूर्व, तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेरचा चपलांचा रॅक.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात झाला. तिथे मला शिवलं, खाली तळ चिकटवला, दाबून धरला आणि डाव्यासोबत खोक्यात कोंबलं. जन्मकथा एवढीच, त्यात रडण्यासारखं काही नाही. रडगाणं सुरू झालं ते ठाण्याच्या दुकानात.

मंजुळाबाई आल्या त्या मुलीबरोबर, मृणालबरोबर. रवींद्रराव रिटायर झालेले, मृणालने आईबाबांना इस्तंबूलची तिकिटं काढून दिलेली. दोघांची पहिलीच परदेशवारी. आणि बाईंनी आयुष्यात कधी बूट घातलेला नाही!

"अगं, पंजाबी ड्रेसवर बूट? लोक काय म्हणतील?"

"आई, तिथे तुला ओळखतंय कोण? दिवसभर चालायचंय. चपलेवर मरशील."

शेवटी पाय आत गेला. छान बसला होता हो! पण नाही. "एक नंबर मोठा दाखवा," बाई म्हणाल्या. "पाय सुजतात माझे. आणि मोजे घालायचेत." म्हणजे बघा, पाय सुजेल तेव्हा सुजेल, त्याच्यासाठी आत्तापासून जागा राखून ठेवायची. असा मी, एक नंबर मोठा, त्यांच्या नशिबी आलो.

निघताना मृणालने बजावलं, "आई, आजपासून रोज घालून फिर हां. नवे बूट चावतात."

"हो गं, कळतं मला."

कुठलं कळतं! घरी आल्या आल्या आमचं खोकं कपाटावर गेलं. "परदेशात घालायचेत. इथल्या धुळीत कशाला खराब करू?" शेजारच्या शेवंतीकाकू आल्या की खोकं खाली यायचं, झाकण उघडायचं, काकू "अय्या, छान आहेत हो" म्हणायच्या, झाकण बंद. नवी वस्तू दिसली की हे लोक ती वापरत नाहीत, जपतात. चादरीचं प्लास्टिक काढत नाहीत, रिमोटला पिशवी घालतात. मी काय रिमोट आहे? माझं कातडं मऊ व्हायला चार पावलं चालायला नको? विमानात बसेपर्यंत बाईंच्या पायात चपलाच. मला घातलं ते थेट इस्तंबूलच्या हॉटेलात, पहिल्या सकाळी.

आणि त्या सकाळी मला रवींद्ररावांच्या टाचा दिसल्या.

बुटाला माणसांचे चेहरे कमीच दिसतात. आम्ही माणूस ओळखतो तो पायावरून. रवींद्ररावांचे बूट काळे, ऑफिसातले, टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. त्या टाचा कायम पुढे. दहा पावलं पुढे, कधी पंधरा. मागे मंजुळाबाई, त्यांच्या खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, खाकरे, चिवडा, ह्यांच्या गोळ्या, ह्यांची टोपी. पुढच्या माणसाचे हात मोकळे. तो बोलायचाही पुढे तोंड करून. "हे बघ, हा घुमट. बघितलास ना? चल." बाई अजून मान वर करतायत, तोवर टाचा कोपऱ्यावरून गायब. मग मागून हाक, "अहो! अहो, थांबा ना!" टाचा थांबत नसत. जरा हळू होत, एवढंच.

त्या काळ्या बुटांना मी हॉटेलात विचारलं, तुमचा मालक मागे वळून बघतो की नाही? ते म्हणाले, लग्नाच्या वरातीपासून असाच चालतो. डोंबिवलीच्या फडके रोडवर असाच, भाजी बाजारात असाच. ती येतेच मागून.

पहिल्या दिवशी जुन्या शहरात फिरलो. तिथला दगड लाखो पायांनी घासून गुळगुळीत झालेला, मी दोनदा घसरलो. मशिदीपाशी काढून पिशवीत कोंबलं, ती आपली विश्रांती. दुसऱ्या दिवशी निशांताशी नावाच्या भागात. श्रीमंतांचा मोहल्ला. फुटपाथ असा सपाट की माझा विश्वासच बसेना, डोंबिवलीच्या बुटाला फुटपाथ म्हणजे ऐकीव गोष्ट. काचेच्या दुकानांत माझ्या जातीचे बूट दिवे लावून ठेवलेले, एकेकाला वेगळी खुर्ची असावी तसे. रवींद्रराव बाहेरून किंमत वाचून म्हणाले, "हे म्हणजे आपलं घोडबंदर रोडचं टॉवरवालं पब्लिक." त्यांना प्रत्येक गोष्टीला ठाणे जिल्ह्यात जोडीदार सापडायचा. बाईंना तिथे करमेना. इथल्या बायका चालतात की तरंगतात, म्हणाल्या.

त्या दिवशी बोटीच्या धक्क्यावर उभं राहून रवींद्ररावांनी शहर समजावून सांगितलं. "अगदी आपल्यासारखंच आहे गं. आपल्याकडे मधे रेल्वे, इथे मधे समुद्र. आपण उभे आहोत ती वेस्ट, युरोप. पलीकडे दिसतंय ती ईस्ट, आशिया."

"आणि चुकामूक झाली तर?" बाईंनी विचारलं. त्यांच्या फोनवर परदेशात चालणारं पॅक नव्हतं. दोघं एकत्रच असणार, मग दोन पॅक कशाला, असं रवींद्ररावांचं म्हणणं. हॉटेलचं कार्डही त्यांच्याच खिशात. हॉटेलचं नाव बाईंना उच्चारता येत नव्हतं.

"चुकामूक कशी होईल? झालीच तर आपलं नेहमीचं. ईस्टला, जिन्याखाली," असं हसत म्हणून ते चालायला लागले.

हे नेहमीचं काय, ते डोंबिवलीकराला सांगायला नको. गर्दीत एकमेकांचा हात सुटला तर शोधत बसायचं नाही. सरळ स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि जिन्याखाली थांबायचं. मृणाल लहान असल्यापासून ह्या घरात हाच नियम. रवींद्रराव गंमत म्हणून बोलले आणि विसरले. बाईंनी लक्षात ठेवलं. घरातली अशी कुठलीही गोष्ट लक्षात ठेवायचं काम त्यांचंच होतं ना.

तिसऱ्या दिवशी बालात नावाच्या भागात. गरिबांचा जुना मोहल्ला, उभा चढ, ओबडधोबड दगड. रंग उडालेली घरं, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत वाळत घातलेले कपडे, पायरीपायरीवर मांजरं. इथे मात्र मंजुळाबाई खुलल्या. एका म्हातारीने वरच्या मजल्यावरून दोरीला बांधून टोपली सोडली, खालच्या दुकानदाराने त्यात पाव ठेवला, टोपली वर. "अहो, बघा ना! आपल्या चाळीत रमाबाई अश्शीच पिशवी सोडायच्या!" पण अहो कुठे होते? अहो चढ संपवून पलीकडे उतरायला लागले होते. "दुपारी पूल बघायचाय, चल!" एवढंच पलीकडून ऐकू आलं. बाईंना त्या म्हातारीकडे बघून हात हलवायचा होता. अर्धवटच हलवला आणि निघाल्या.

आणि तो उतार माझ्यामुळे त्यांना नडला. आता कबूल करतो, पण चूक माझी नाही! मी एक नंबर मोठा, शिवाय कोरा करकरीत. उतारावर पाय आत पुढे सरकत होता, मागे सरकत होता, टाचेला घासत होता. खाली धक्क्याजवळच्या एमिनोनूच्या चौकात पोचेस्तोवर टाचेवरचा फोड फुटला. मोजा ओला झाला. मला कळत होतं, मी काय करणार? मऊ होण्याची संधी मला दिली होती का कुणी?

त्या चौकात ही झुंबड. बोटींचे भोंगे, मासे भाजल्याचा वास, मक्याची कणसं, भुयारी रस्त्यातून वर येणारी माणसंच माणसं. पुढे पूल, पुलावर गळ टाकून बसलेले लोक. टाचा पुलाकडे निघाल्या. बाई कळवळून एका दगडी ओट्यावर बसल्या.

"अहो!"

टाचा चालत होत्या.

"अहो, ऐकलंत का?"

टाचा गर्दीत शिरल्या.

"अहो, पाय!" ही तिसरी हाक. ती इतकी मोठी होती की बाजूचा कणीसवाला वळला. ज्याने वळायचं तो वळला नाही.

चौथी हाक बाईंच्या तोंडापर्यंत आली असणार, कारण पाय ताठ झाला होता. पण ती बाहेर पडली नाही.  बाई स्वतःशीच म्हणाल्या, "बस झालं. आता नाही हाक मारायची." रडल्या थोड्या. नाडी सैल केली, खाकऱ्याच्या पुडीला गुंडाळलेला कागदी रुमाल टाचेमागे सारला आणि उठल्या.

मला वाटलं, आता पुलाकडे. छे! त्या वळल्या बोटींकडे. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, "ईस्ट? ईस्ट साइड?" त्याला कळेना. बाईंनी समुद्रापलीकडे बोट दाखवलं. "आशिया!" तो म्हणाला. "कादिकोय!" प्रवासाचं कार्ड पर्समध्ये होतंच. मी ओरडत होतो, अहो बाई, कुठे निघालात, समुद्र आहे मधे, हे डोंबिवली नाही! बुटाचं कोण ऐकतं? शहर कुठलंही असो, नवरा हरवला तर पूर्वेला जायचं, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बोटीवर एका बाईने त्यांना शेजारी जागा दिली. बाईंनी तिला चिवडा दिला. एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी अखंड बोलत होत्या दोघी.

कादिकोय म्हणजे साधं, राहत्या माणसांचं शहर. घुमट नाहीत, काचेची दुकानं नाहीत. भाजी, मासळी, शाळेतून सुटलेली पोरं. धक्क्याबाहेर चार पायऱ्या होत्या. जिना म्हणावं असं तेवढंच. त्यांच्या खाली बाई बसल्या. मला काढून बाजूला ठेवलं. चहावाल्याकडून काचेच्या छोट्या पेल्यातला चहा घेतला. आख्ख्या प्रवासात बसून घेतलेला हा पहिला चहा. बाईंना तो आवडला, मला कळलं, मोज्यातली बोटं हलत होती.

एक बोट आली, रिकामी झाली. दुसरी आली, रिकामी झाली. बाईंच्या पायाची बोटं हलायची थांबली. "आलेच नाहीत तर?" बाई माझ्याकडे बघून पुटपुटल्या. "गोळ्या माझ्याकडे आहेत त्यांच्या." त्याही वेळी गोळ्याच! मला वैताग आला आणि भीतीही वाटली. ह्या माणसाला नियम आठवेल कसा? गंमत म्हणून बोललेलं कोण लक्षात ठेवतं? नाही आठवला तर ही बाई परक्या देशात, नाव न सांगता येणाऱ्या हॉटेलची, कुणाला काय सांगणार?

पलीकडे काय चाललं होतं, ते मला काळ्यांनी नंतर सांगितलं. रवींद्रराव पूल संपेपर्यंत एकटेच बोलत गेले. टोकाला पोचल्यावर "पाणी" म्हणून न वळता हात मागे केला. हात तसाच राहिला. मग मात्र वळले. मग पळाले. पूल, चौक, भुयारी रस्ता, "मंजू! मंजू!" करत. हॉटेलात जाऊन आले. पुन्हा चौकात. कणीसवाल्याला बायकोचा फोटो दाखवला. त्याने बोटींकडे हात केला आणि माणूस एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "ईस्टला गेली."

तिसरी बोट आली. पायांचा लोंढा उतरला आणि त्यात मला त्या टाचा दिसल्या. काळ्या, धुळीने भरलेल्या, जवळजवळ पळत येणाऱ्या. मी सुटलो असं वाटलं. पण त्या आमच्या पुढून निघून गेल्या! पायऱ्यांच्या बाजूने, नेहमीसारखं समोर बघत, सरळ गर्दीकडे. पुन्हा टाचाच!

बाईंनी त्यांना बघितलं. पेला हातात घट्ट धरला. हाक मारली नाही. अहो मारा हो हाक, जाईल तो! नाही मारली. मी आयुष्यात इतका कधी चिडलो नाही. तिची शपथ, त्याची सवय, आणि मधे मी, एका पायाचा बूट.

टाचा थांबल्या.

थोड्या हलल्या. मग हळूहळू फिरल्या आणि पहिल्यांदा मला रवींद्ररावांच्या बुटांची टोकं नीट दिसली. आमच्याकडे वळलेली. डाव्या बुटाच्या टोकावर चामडं फाटलंय, हे मला तेव्हा कळलं.

ते आले, पायरीवर बसले. 

"हाक का नाही मारलीस? इथेच तर होतो."

"तीन मारल्या. पलीकडे."

रवींद्रराव खाली वाकले. टाचेवर रक्ताळलेला मोजा बघितला. मला उचललं, आतून चाचपलं. "एक नंबर मोठा आहे हा," म्हणाले. "आणि दगडासारखा कडक." शाब्बास! एवढं कळायला समुद्र ओलांडावा लागला.

"मला वाटलं, तुम्ही विसरलात. जिन्याखालचं," बाई म्हणाल्या.

"विसरलोच होतो. तू विसरली नसशील, एवढं आठवलं." मग त्यांनी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चहावाल्याला खूण करून दोन चहा सांगितले. त्या दिवशी आणखी काहीच बघितलं नाही.

आता घरी. आल्या आल्या बाईंनी आम्हाला पुसून पुन्हा खोक्यात घातलं. "पुढच्या वेळेला होतील." मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण नाही मला. रवींद्ररावांनीच खोकं खाली काढलं. "रोज घाल. मऊ होऊ देत." तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं फिरायला जातात. माझं कातडं मऊ झालंय, नाडीचा गुलाबी रंग गेलाय. आता मी घासत नाही, चावत नाही.

सुखात असेन, असं वाटेल तुम्हाला. कुठलं सुख! त्या दिवसाची धास्ती घेतलेले रवींद्रराव आता पुढे चालत नाहीत. मागून चालतात. अगदी चिकटून. आणि दर चार पावलांनी त्यांचं टोक माझ्या टाचेवर पडतं. "सॉरी गं." पुन्हा पाऊल, पुन्हा टोक. माझी मागची शिवण उसवली, तळ सुटायला आलाय, आता फार दिवस काढेन असं वाटत नाही.

म्हणून जाता जाता हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी सांगतो. रवींद्रराव, पुढे नका चालू, मागे नका चालू. तिच्या शेजारी जागा आहे हो, केव्हापासून रिकामीच आहे.